प्रपोर्शनल व्हॉल्व्ह बदलला तरी मशीन पुन्हा झटके मारते? आधी हे तपासा

हायड्रॉलिक मशीन सांभाळणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. सिलिंडर हिसके देत जातो. कधी ठरलेल्या वेगाच्या निम्म्यानेच चालतो, कधी थांबवला तरी हळूहळू सरकत राहतो. प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, म्हणजे करंटच्या प्रमाणात कमी-जास्त तेल सोडणारा व्हॉल्व्ह, बदलला की मशीन लगेच सुरळीत होते. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या वेळी 'या कंपनीचा मालच बोगस' असं ठरतं, आणि तिसऱ्या वेळी पर्चेसवाले फोन उचलत नाहीत.

गोव्यात वेर्ण्यापासून पिसुर्ल्यापर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, मोल्डिंग मशीन असो की पत्रा वाकवणारा प्रेस ब्रेक, ही गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. माझं म्हणणं एवढंच की नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर मशीन चालली म्हणून जुना व्हॉल्व्ह खराब होता असं सिद्ध होत नाही. व्हॉल्व्ह बदलताना आपण नकळत पाच-सहा कामं एकदम करतो. कनेक्टर काढून परत घट्ट बसवतो, ओ-रिंग नव्या घालतो, बसण्याची जागा पुसतो, अडकलेली हवा निघून जाते, जाता जाता कोणीतरी व्हॉल्व्हला करंट देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डावरचा स्क्रूही फिरवतो. यातल्या कशाने गुण आला ते कळतच नाही. मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि सवडीने परत येतो.

म्हणून व्हॉल्व्हला पाना लावण्याआधी दोष अंगावर असतानाच मापं घ्या. दोष दिसत नसेल तर दिसेपर्यंत थांबा. 'आत्ता बरी चालतेय, तेवढ्यात बदलून टाकू' हा विचारच पुढच्या तक्रारीचं मूळ असतो.

आधी जीव

मोटर बंद केली म्हणजे प्रेशर गेलं असं नाही. अ‍ॅक्युम्युलेटर (नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवणारी बाटली) असेल तर तो टाकीत रिकामा करा आणि गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. उभा सिलिंडर असेल तर खाली लाकडी ठोकळ्यांवर भागवू नका. वजन पेलेल असा पक्का आधार किंवा मशीनची सेफ्टी पिन लावा. पॅनलला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. बारीक गळती बोट फिरवून शोधायची सवय काहींना असते, ती जिवावर बेतते. सुईच्या छिद्रातून येणारं तेल कातडीखाली घुसतं. सुरुवातीला फक्त लाल ठिपका दिसतो आणि दुखतही नाही, पण काही तासांत बोट, कधी हात जाऊ शकतो. असं झालं तर मलम लावून घरी जायचं नाही. थेट मोठ्या इस्पितळात जायचं आणि डॉक्टरांना 'प्रेशरचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं.

चार आकडे

कंट्रोलर कमांड देतो, कार्ड त्या कमांडचा करंट बनवतं, करंट स्पूल (व्हॉल्व्हच्या आतला सरकता दांडा) हलवतो, स्पूल तेल सोडतो. दोष या साखळीतल्या कुठल्या कडीत आहे ते शोधायचं. त्यासाठी चार आकडे लागतात: कमांड किती, कॉइलमध्ये करंट किती, स्पूल कुठे आहे, आणि पी (पंपाकडून येणारी), ए आणि बी (सिलिंडरच्या दोन बाजूंना जाणाऱ्या) लाईनवर प्रेशर किती. झटका येतो त्या क्षणी चारही दिसले पाहिजेत. शक्य असेल तर पीएलसीच्या, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरच्या, ट्रेंडवर (आलेखावर) लावा. नसेल तर दोघांनी मीटर आणि गेज धरा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून सावकाश बघा. फुकटात होणारं हे काम आहे आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात.

कमांड स्वतःच हलत असेल तर हायड्रॉलिककडे बघायचंच नाही. प्रोग्रॅम, पोझिशन सेन्सर किंवा केबलमध्ये दोष आहे. कमांड स्थिर पण करंट हलतो, तर कार्ड, सप्लाय, वायर किंवा कॉइल. करंट स्थिर पण स्पूलचा फीडबॅक (त्याची जागा सांगणारा सिग्नल) हलतो, तर स्पूल अडकतोय किंवा आत हवा आहे. स्पूलही स्थिर आणि तरी सिलिंडर झटके देतो, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. मग पंप, अ‍ॅक्युम्युलेटर, सिलिंडरचं सील, गाइड यांच्याकडे वळा. झटक्याबरोबर पी लाईनचं प्रेशरही कोसळत असेल तर संशय आधी पंपावर घ्यावा. अ‍ॅक्युम्युलेटरचा नायट्रोजन मात्र तेलाचं प्रेशर शून्य असतानाच मोजायचा, नाहीतर आकडा खोटा येतो.

करंट मोजताना होणारी फसगत

साध्या सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून चुंबक लागतं का बघायची आपली सवय. प्रपोर्शनलला ती पुरत नाही. इथे चुंबक आहे की नाही हा प्रश्नच नसतो, किती आहे हा असतो. सोलेनॉइडचा जोर करंटवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. कार्ड व्होल्टेज भराभर चालू-बंद करून सरासरी करंट राखतं, त्यामुळे कॉइलवर साधा मीटर लावून मिळालेल्या व्होल्टेजवरून काही ठरवू नका. आणि मेंटेनन्सच्या कपाटात असतो तो स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी दाखवतो. इथे डीसी मोजणारा क्लॅम्प लागेल, किंवा मीटर सिरीजमध्ये टाकावा लागेल.

'सकाळी झकास, दुपारी सुस्त' ही तक्रार इथेच उलगडते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांना ५ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना साधारण साडेसहा ओहम होते. तेवढाच करंट द्यायला कार्डाला जास्त व्होल्टेज लागतं. २४ व्होल्टचा सप्लाय लोडवर २० पर्यंत बसत असेल, वायर बारीक आणि लांब असेल, टर्मिनल सैल असेल, तर गार मशीनवर सगळं जमतं आणि तापल्यावर पूर्ण कमांडला करंट कमी पडतो.

पण दुपारची सुस्ती तेलामुळेही येते. ४६ ग्रेडचं तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असतं; ६० अंशांना ते निम्म्याहूनही पातळ होतं. पंप आणि सिलिंडरची आतली गळती वाढते. दोन्हींचं लक्षण सारखंच. फरक ओळखायला सकाळी आणि दुपारी एकाच कमांडला करंट मोजा. करंट पडला तर पॅनलकडे जा. करंट तेवढाच आणि वेग पडला तर कूलर आणि पंपाकडे जा. एका आकड्याचं काम आहे, पण तो घेतल्याशिवाय इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाल्यांचा वाद गणेशचवथीपासून शिमग्यापर्यंत चालू शकतो.

दोन कॉइलचा व्हॉल्व्ह असेल तर कॉइलचे कनेक्टर अदलाबदल करून बघायचा मोह होतो. तसं केलंत तर हालचाल उलट दिशेने होईल हे लक्षात ठेवा आणि साच्यात किंवा बेडखाली कोणी नाही याची खात्री करा. स्पूलचा फीडबॅक असलेल्या व्हॉल्व्हवर हा प्रयोग करूच नका. स्पूल एका टोकाला जाऊन धडकतो आणि सिलिंडर पूर्ण वेगाने सुटतो. तिथे नुसता रेझिस्टन्स मोजून दोन्ही कॉइलची तुलना करावी.

गोव्याची हवा आणि हिरवी पिन

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर समुद्राची खारट हवा. प्रपोर्शनलच्या कनेक्टरला ही जोडी फार जाच देते.

वेर्ण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात मोल्डिंग मशीनचा साचा बंद होताना शेवटच्या थोड्या अंतरात दचकायचा. व्हॉल्व्ह बदलून झाले होते. ऑपरेटर म्हणाला, "बाब, पाऊस नसला की काय करत नाही ती." अशा वाक्याकडे दुर्लक्ष करू नये, ऑपरेटर मशीनजवळ आठ तास असतो, आपण अर्धा तास. मीटरवर कमांड स्थिर होता आणि करंट मधूनच दचकत होता. कनेक्टर उघडला तर आतलं रबरी गॅस्केट गायब, आणि एका पिनेच्या बुडाशी हिरवट भुकटी. केबल वरून थेट कनेक्टरमध्ये उतरत होती, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सरळ आत. दर वेळी व्हॉल्व्ह बदलताना कनेक्टर काढ-घाल व्हायचा, पिन खरवडली जायची आणि महिनाभर निभायचं. दुरुस्ती काय, तर नवा कनेक्टर, गॅस्केट, आणि केबलला कनेक्टरच्या खाली झुकणारा एक झोल, म्हणजे थेंब झोलातूनच खाली पडतात. काढून ठेवलेले जुने व्हॉल्व्ह बेंचवर व्यवस्थित चालले.

कार्ड व्हॉल्व्हवरच बसवलेलं असेल तर सात पिनांचा गोल कनेक्टर येतो. बहुतेकांत ए आणि बी पिनेवर सप्लाय, डी आणि ई वर कमांड, एफ वर स्पूलचा फीडबॅक असतो. सी पिन मात्र दगा देते. काही कंपन्या तिच्यावर एनेबल (कार्ड चालू करणारा सिग्नल) देतात, काही फीडबॅकचं शून्य. एका मेकचा व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या मेकचा तसाच लावला तर एकतर व्हॉल्व्ह उठतच नाही किंवा चुकीच्या पिनेवर २४ व्होल्ट जाऊन कार्ड जातं. कॅटलॉग उघडून पिना एकेक जुळवा. 'सेम टू सेम आहे' या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

कमांडच्या केबलचं शील्ड मशीनबिल्डरच्या ड्रॉइंगप्रमाणेच अर्थ करा आणि ती केबल ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका. नव्या मशीनला पर्याय असेल तर मी कमांड ४ ते २० मिलिअँपिअरचीच घेतो. वायर तुटली तर तिथे शून्य दिसतं आणि कार्डाला दोष कळतो. ० ते १० व्होल्टमध्ये शून्य म्हणजे 'थांब' की 'वायर तुटली', हे कळायला मार्ग नाही.

चवथीनंतरची सोमवार सकाळ

चार-पाच दिवस मशीन बंद राहिल्या की सुरू करताना सगळ्यात जास्त फोन येतात. त्याची कारणं दोन, आणि ती वेगवेगळी हाताळावी लागतात.

पहिलं हवा. सोलेनॉइडच्या नळीत तेल भरलेलं असावं लागतं. तेच स्पूलच्या हालचालीला आवर घालतं. बंद काळात टाकीची लाईन रिकामी होते आणि नळीत हवा शिरते. मग स्पूल थरथरतो, व्हॉल्व्ह गुणगुणतो. सोलेनॉइडच्या टोकाला हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. कमी प्रेशरवर, थोड्या कमांडवर तो हळूच सैल करा, बुडबुडे थांबून सलग तेल आलं की बंद करा. दर सुट्टीनंतर हेच होत असेल तर टाकीच्या लाईनमध्ये हलक्या स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह टाकून ती भरलेली ठेवावी. आधी व्हॉल्व्हच्या कॅटलॉगमध्ये टाकी-पोर्टला किती प्रेशर चालतं ते बघून.

दुसरं कारण गाळ. स्पूल आणि बॉडीमधली फट काही मायक्रॉनचीच असते. प्रेशर चालू आणि स्पूल एकाच जागी उभा, असं बराच वेळ राहिलं की बारीक कण त्या फटीत साचतात आणि स्पूल चिकटतो. कमांड वाढवत नेला तरी हलत नाही, आणि मग एकदम सुटतो. तोच झटका. हे टाळायला कार्ड करंटमध्ये बारीक कंप मिसळतं, त्याला डिदर म्हणतात. साधारण १०० ते २०० हर्ट्झचा. कोणी 'आवाज येतो' म्हणून डिदर शून्य केला असेल तर तिथेच सापडेल. तेलाच्या चिकट पिवळसर थरानेही हेच होतं. तो थर जळक्या, जुन्या तेलाची खूण आहे. फिल्टर बदलून तो जात नाही.

उभी मशीन सर्वांत वाईट. २०१८च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा डिचोली-सांगे पट्ट्यात किती एक्स्कॅव्हेटर उभे राहिले, ते आपण पाहिलंय. त्यांच्या पायलट लाईनवरचे (मोठा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या छोट्या तेल-लाईनवरचे) छोटे प्रपोर्शनल व्हॉल्व्ह याच जातीचे. लांबच्या बंदीत निदान अधूनमधून मशीन सुरू करून प्रत्येक हालचाल दोन्ही टोकांपर्यंत करून घ्यावी.

तेलात पाणी येतं कुठून

प्रपोर्शनलसाठी तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ प्रमाणे १८/१६/१३ किंवा त्याहून चांगली ठेवा. त्यातल्या १८चा अर्थ, एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण १,३०० ते २,५००. नव्या बॅरलमधलं तेल बऱ्याचदा याहून घाण असतं. त्यामुळे टाकीत थेट बादलीने ओतायचं नाही, फिल्टर ट्रॉलीतूनच भरायचं. टाकी आतून कॉटन वेस्टने पुसायची पद्धत तर बंदच करा. त्याचे धागे पायलट ओरिफिसमध्ये (बारीक छिद्रात) अडकलेले व्हॉल्व्ह उघडल्यावर हमखास दिसतात.

बॅरल शेडबाहेर उभे ठेवले की झाकणावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतो, रात्री गार होतो, आणि गार होताना बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढतो. सील न तुटलेल्या बॅरलमध्ये पाणी सापडतं ते असं. बॅरल आडवे ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या रेषेत, म्हणजे ती तेलाखाली राहतात.

टाकीचंही तेच. सिलिंडर बाहेर गेला की टाकीतली पातळी उतरते आणि ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या झाकणातून) बाहेरची हवा आत येते. जुलैतल्या आपल्या हवेत ती पाणी घेऊनच येते. सिलिका जेलचा ब्रीदर लावा. जेल निळ्याचं गुलाबी, किंवा नव्या प्रकारात नारिंगीचं हिरवं झालं की बदला. पावसाळ्यात ते लवकर संपतं. सहा महिन्यांचं वेळापत्रक इथे कामाचं नाही, रंग बघूनच ठरवा.

आणि कूलर. मशीन चालू असताना बहुधा तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून गळती असली तरी तेल पाण्यात जातं आणि कूलिंग टॉवरवर तवंग दिसतो. मशीन बंद पण पाण्याचा पंप चालू, की उलटं होतं. तेल दुधाळ दिसेपर्यंत थांबू नका. तापलेल्या पत्र्यावर, चष्मा घालून, एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. मोकळं पाणी खाली बसतं, तेव्हा रात्रभर बंद असलेल्या टाकीच्या तळाचा ड्रेन सकाळी पंप सुरू करण्याआधी थोडा उघडून बघणं सगळ्यात सोपं.

बदलायचाच असेल तर

सगळं तपासून व्हॉल्व्हवरच दोष आला तर प्लेटवरचा कोड अक्षर न् अक्षर जुळवा. एका बाजूचं क्षेत्रफळ दुसरीच्या दुप्पट असलेल्या सिलिंडरला बऱ्याचदा दोन बाजूंना वेगळं तेल सोडणारा स्पूल दिलेला असतो. कोडमधलं एक अक्षर चुकून समान स्पूल आला तर व्हॉल्व्ह चालतो, पण एका दिशेला हिसके आणि रॉडच्या बाजूला नको तेवढं प्रेशर. लीटरचा आकडा बघतानाही तो किती प्रेशर फरकावर दिलाय ते वाचा. प्रपोर्शनलला बहुधा १० बारवर देतात, सर्व्होला (त्याहून अचूक जातीच्या व्हॉल्व्हला) ७० वर. दोन कॅटलॉगमधले ४० लीटर सारखे नसतात.

बसण्याची जागा आरशासारखी साफ हवी. बोल्ट तिरप्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळा. जोर लावून आवळले की बॉडी किंचित वाकते आणि चांगला स्पूल घासू लागतो. पायलटवाला मोठा व्हॉल्व्ह असेल तर एक्स (पायलटला तेल देणारी) आणि वाय (पायलटचं तेल परत नेणारी) लाईन जुन्यासारख्याच जोडल्यात का बघा, आणि आतले प्लगही. वाय लाईन स्वतंत्र, थेट टाकीत. ती मोठ्या रिटर्न लाईनला जोडली तर तिथल्या प्रेशरच्या प्रत्येक लाटेबरोबर मुख्य स्पूल डुलेल.

कार्डाच्या स्क्रूंना हात लावण्याआधी सगळ्या जागांचे फोटो घ्या आणि मोजता येतील ते आकडे लिहा. रॅम्प (कमांड हळूहळू चढवण्या-उतरवण्याचा वेळ), कमाल करंट, आणि डेडबँडची भरपाई. साध्या व्हॉल्व्हमध्ये मध्याजवळ १० ते २० टक्के कमांडपर्यंत तेल सुटतच नाही. कार्ड तेवढी उडी आधीच देतं. ती उडी नव्या स्पूलला जास्त झाली तर सिलिंडर थांबताना डगमगतो, कमी झाली तर बारीक कमांडला हलतच नाही. दोन्ही दिशांना वेगवेगळी लावावी लागते.

काढलेला व्हॉल्व्ह दुरुस्तीला पाठवताना पोर्टवर प्लेट किंवा स्वच्छ प्लास्टिक लावा, वेस्टचा बोळा नको. सोबत एका कागदावर लिहा: किती कमांडला किती करंट होता, प्रेशर किती, तेलाचं तापमान किती, दोष गार असताना यायचा की तापल्यावर. आणि स्पूलवर ओरखडे होते का, तेल कसलं निघालं, हे उघडून बघून लेखी कळवायला सांगा. उत्तर 'ओके फाउंड' असं आलं, तर पुढची चक्कर पॅनल आणि कनेक्टरकडे.